‘आपण हरलो’ की ‘ते हरले’? – बाहेरगावच्या पराभवानंतरची भाषा



मागच्या पाठात आपण पुरुषवाचक सर्वनामं पाहिली. मी, आम्ही, तू, तुम्ही, तो, ती, ते आणि आपण. पाठ संपता संपता नववीतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "बाई, ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आणि ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, हे कळलं. पण एका गुणाच्या प्रश्नापलीकडे याचा उपयोग काय?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी वाचले.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. त्याचं उत्तर आज द्यायचा प्रयत्न करते. उदाहरण जरा लांबचं घेतलं आहे, इंग्लंडमधल्या खालच्या दर्जाच्या फुटबॉलचं. तिथले प्रेक्षक आपल्या संघामागे परगावी जातात, संघ वाईट खेळून हरतो, आणि मग ही माणसं परतीच्या वाटेवर जे बोलतात त्यात ‘आम्ही’, ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘ते’ यांची अशी काही सरमिसळ होते, की व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

त्याआधी आपल्या घरची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्याला जिंकून आला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला पोरं ओरडत होती, "आपण जिंकलो!" यंदा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. मी वर्गात विचारलं, "काय झालं रे?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, ते हरले." संघात बदल झाला होता फक्त दोन मुलांचा. सर्वनाम मात्र अख्खं बदललं.

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात बसलेल्या मुलांचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणारी मुलं जास्त. हरला असेल, तर कमी. मग त्यांनी मुलांना फोन करून सामन्याचं वर्णन करायला सांगितलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ जास्त वापरत, आणि हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना तेच ‘आम्ही’ कमी होई. जिंकणाऱ्याच्या उजेडात आपणही उभं राहायचं, असं हे वागणं. पुढे १९८६ मध्ये स्नायडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू दाखवली: हरणाऱ्यापासून माणसं हळूच दूर सरकतात. आपल्या मागच्या बाकावरचा मुलगा अगदी पुस्तकी वागला म्हणायचा.

पण थांबा. १९९० मध्ये वॉन आणि ब्रॅन्सकोम्ब या दोन अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. ज्याचं संघाशी नातं वरवरचं असतं तो हरल्यावर सरकतो. ज्याचं नातं खोलवर असतं तो सरकत नाही. किंवा खरं सांगायचं तर त्याला सरकताच येत नाही. तो तिथेच उभा राहून शिव्या देतो. आपल्याला आज हाच माणूस पाहायचा आहे.

नॉन-लीग म्हणजे काय?

इंग्लंडमधल्या फुटबॉलची रचना आपल्या जुन्या घरातल्या उतरंडीसारखी आहे. सगळ्यात वरचं मडकं लहान. त्यात प्रीमियर लीगचे २० संघ. जगभर टीव्हीवर दिसतात ते हे. त्याखाली तीन श्रेणी, प्रत्येकी २४ संघांच्या. एकूण ९२. या ९२ च्या खाली जे काही आहे त्या सगळ्याला मिळून म्हणतात ‘नॉन-लीग’. नाव फसवं आहे, कारण तिथे लीगा ढीगभर आहेत. सगळ्यात वर नॅशनल लीग, २४ संघांची. तिच्याखाली तिचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग, पुन्हा २४-२४ चे. आणि तिथून खाली उतरंड रुंद होत जाते, ती पार खेड्यातल्या संघांपर्यंत. जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणून मान असलेला शेफील्ड एफसी, स्थापना १८५७, हाही या रुंद भागातच खेळतो.

खालून वर जाण्याची वाट अरुंद आहे. पूर्वी तर वाट नव्हतीच. वरच्या श्रेणीत कोणाला घ्यायचं हे वरचेच क्लब मतदानाने ठरवत, आणि साहजिकच आपल्याच जुन्या सोबत्यांना पुन्हा निवडून देत. १९८६-८७ च्या हंगामापासून नॉन-लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या संघाला थेट वर जाता येऊ लागलं. असा पहिला क्लब स्कारबरो. २००३ पासून दोन जागा झाल्या: पहिला आलेला एक, आणि त्याच्या मागच्यांत प्ले-ऑफ म्हणजे बाद फेरी खेळवून जिंकेल तो दुसरा. म्हणजे वर्षभर घासून दुसरा आलात तरी हातात काही नाही. मे महिन्यात दोन-तीन सामन्यांत सगळं ठरणार. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नॅशनल लीगमधले बरेच संघ पूर्णवेळ व्यावसायिक आहेत. पण दोन पायऱ्या खाली उतरलात, की गोलरक्षक दिवसा नळ दुरुस्तीची कामं करतो, मधल्या फळीतला कोणी शाळेत शिकवतो, आणि सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी. मैदानावर पांढऱ्या रेघा मारणारा, चहाच्या टपरीवर उभा राहणारा, तिकिटं फाडणारा, हे सगळे बिनपगारी. बहुतेक वेळा तेच प्रेक्षकही. माझा भाचा दोन वर्षं यॉर्कशरमध्ये नोकरीला होता. त्याचा ऑफिसातला एक सहकारी त्याला एका लहान गावच्या सामन्याला घेऊन गेला. फोनवर मला म्हणाला, "मावशी, प्रेक्षक दोनशे-अडीचशे असतील. मध्यंतर झालं, की लोक चहाचे कप घेऊन एका गोलमागून चालत दुसऱ्या गोलमागे गेले, कारण आपला संघ आता तिकडे गोल मारणार!" दोन्ही संघांचे चाहते वाटेत एकमेकांना भेटून, हवापाण्याचं बोलून पुढे जात होते. वरच्या श्रेणीत हे स्वप्नातही व्हायचं नाही. तिथे पाहुण्यांना वेगळ्या कठड्यात, पोलिसांच्या पहाऱ्यात बसवतात.

परगावी जाणं

आपल्या मनात ‘बाहेरच्या मैदानावरचा सामना’ म्हटलं, की भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, पर्थ, पहाटेचा गजर आणि टीव्ही. सामना बाहेर, आपण घरात. महाराष्ट्रात पेठापेठांचं फुटबॉलवेड पाहायचं तर कोल्हापूरला जावं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रत्येकाचे चाहते पिढीजात. पण तिथे सगळे भिडतात शाहू स्टेडियमवर. पेठेतून चालत जायचं, चालत यायचं. पराभव झाला तरी दहा मिनिटांत आपल्या गल्लीत.

नॉन-लीगच्या चाहत्याचं तसं नाही. नॅशनल लीग अख्ख्या देशभर पसरलेली. ट्रूरो सिटी हा पार नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधला क्लब २०२५ मध्ये तिथे पोहोचला. तेव्हा त्याच लीगमध्ये उत्तरेला गेट्सहेड होतं. या दोन गावांमधलं अंतर जाऊन-येऊन सुमारे ९०० मैल, म्हणजे साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून दिल्लीला जाण्याइतका रस्ता एका सामन्यासाठी, आणि रविवारी झोप काढून सोमवारी कामावर हजर. (याच ट्रूरोला काही काळ स्वतःचं मैदान नव्हतं. तेव्हा त्यांचे ‘घरचे’ सामनेसुद्धा ग्लॉस्टरसारख्या दूरच्या शहरात होत. म्हणजे घर परगावी आणि परगाव त्याहून परगावी!)

चाहत्यांची बस सकाळी लवकर सुटते. कधी पंचांनी मैदान चिखलाचं म्हणून सामनाच रद्द केला, की अर्ध्या वाटेतून मागे फिरायचं. बसचं भाडं, तिकीट, खाणं, सगळं खिशातून. टीव्हीवरच्या चाहत्याने पराभवात काय गमावलेलं असतं? दोन तास. याने अख्खा दिवस, पगारातला एक तुकडा आणि घरी दिलेलं एखादं वचन गमावलेलं असतं. म्हणून त्याच्या रागाला वजन असतं. तो राग म्हणजे हिशेबच असतो एक प्रकारचा.

परतीच्या बसमधलं व्याकरण

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. संघ ०-३ असा हरला आहे. नुसता हरला नाही, प्रयत्नच केला नाही असं बघणाऱ्यांना वाटतं आहे. शिट्टी वाजली, की रिवाज असा, की खेळाडूंनी पाहुण्या चाहत्यांच्या बाजूला येऊन टाळ्या वाजवायच्या: आलात, आभारी आहोत. हा क्षण फार अवघड असतो. खेळाडू आले नाहीत तर राग. आले तरी राग. काही जण टाळ्यांना टाळ्यांनी उत्तर देतात, काही पाठ फिरवतात, काही अंगातल्या शर्टाची आठवण करून देतात. इथे सर्वनाम असतं ‘तुम्ही’. "तुम्ही आज धावलातच नाही."

बस सुटते. पहिला अर्धा तास शांतता. मग कोणी तरी पहिलं वाक्य टाकतं, आणि ते हमखास ‘वी’ने सुरू होतं. मराठीत त्याचं होईल, "आपण आज अगदीच भिकार खेळलो." बघा हं, हे बोलणारा माणूस साठीचा, गुडघे दुखणारा. तो चेंडूला शिवलेलाही नाही. तरी ‘आपण खेळलो’. चाल्डिनीच्या अभ्यासातली मुलं हरल्यावर हाच शब्द टाकून देत होती, आणि हा माणूस तो ओढून अंगावर घेतो आहे.

तासाभराने बोलणं पुढे सरकतं आणि ‘ते’ येतात. "त्यांना काही पडलेली नाही." मग प्रशिक्षकासाठी एकवचनी ‘तो’. "त्याने त्या पोराला डावीकडे का खेळवलं?" तक्रार वर चढत चढत मालकांपर्यंत जाते. मग विनोद सुरू होतात, आणि ते सगळे स्वतःवर. गोलफरकाबद्दल, बसच्या हीटरबद्दल, आपण एवढ्या लांब का आलो याबद्दल. मला हा भाग सगळ्यांत आवडतो. रागाला जेव्हा कुठेच जागा उरत नाही तेव्हा तो विनोद होतो, हे आपल्याकडे एसटीच्या शेवटच्या गाडीत बसणाऱ्या कोणालाही समजावं लागत नाही. आणि बस गावात शिरते तेव्हा कोणी विचारतं, "मंगळवारी आपण कोणाशी खेळतोय?" झालं. ‘आपण’ परत आलं.

म्हणजे एकाच प्रवासात तुम्ही, आपण, ते, तो आणि पुन्हा आपण. इंग्रजीत यातला एक बारकावा दिसतच नाही, कारण तिथे ‘वी’ एकच. हाच साठीचा माणूस वाटेत पेट्रोल पंपावर यजमान संघाच्या चाहत्याला भेटला, तर त्याला म्हणेल, "आम्ही आज भिकार खेळलो." आणि बसमध्ये शेजाऱ्याला म्हणेल, "आपण आज भिकार खेळलो." इंग्रजीत वाक्य अक्षरशः तेच. मराठीत मात्र पहिल्यात एक कुंपण आहे आणि दुसऱ्यात एक घोंगडी आहे, ज्याखाली दोघं बसलेत. हिंदीतही ‘हम’ एकच आहे. गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांत आपल्यासारखे दोन शब्द आहेत.

‘ते’ कोण, हेच कळेना

एक खरं उदाहरण घेऊ. रेक्सहॅम हे वेल्समधलं गाव, पण त्याचा क्लब इंग्लंडच्या उतरंडीत खेळतो. कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९३४ मध्ये जवळच्या ग्रेसफर्डच्या खाणीत स्फोट होऊन २६६ माणसं गेली. त्या शनिवारी दुपारी रेक्सहॅमचा सामना होता, आणि तो पाहायला मोकळं राहता यावं म्हणून बऱ्याच जणांनी रात्रीची पाळी धरली होती, असं सांगतात. क्लब आणि गाव यांची गाठ कशी असते, ते यावरून समजेल.

१९२१ पासून वरच्या ९२ मध्ये असलेला हा क्लब २००८ मध्ये घसरून नॉन-लीगमध्ये आला. मालकांच्या भानगडीत पैसा संपला. ऑगस्ट २०११ मध्ये लीगने हंगाम खेळू देण्यासाठी मोठी अनामत रक्कम मागितली, तेव्हा चाहत्यांनी एका दिवसात एक लाख पौंडांहून जास्त पैसे जमवले. वर्षअखेर क्लबच चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा झाला. एक सभासद, एक मत.

त्याच हंगामात संघ जबरदस्त खेळला. ९८ गुण! एरवी एवढ्यात कोणीही पहिला आला असता. पण फ्लीटवुडने १०३ केले. दुसरा क्रमांक, म्हणजे प्ले-ऑफ. समोर पाचव्या क्रमांकावरचा ल्युटन, पहिला सामना त्यांच्या घरी, मे २०१२. रेक्सहॅम ०-२ हरला. ल्युटनच्या मैदानाची एक गंमत आहे. पाहुण्या प्रेक्षकांचं प्रवेशद्वार चाळीसारख्या घरांच्या रांगेतून आत जातं, आणि जिना चढताना खाली लोकांची परसदारं दिसतात. वर्षभर ९८ गुण मिळवणाऱ्या संघाचे चाहते त्या रात्री कोणाच्या तरी परसदारावरून, मान खाली घालून परतले. परतीच्या सामन्यात घरी २-१ जिंकूनही एकूण २-३ ने बाद.

आता सांगा, या बसमध्ये ‘ते’ कोण? मालकांना शिव्या घालायच्या, तर मालक शेजारच्याच सीटवर बसलाय. किंबहुना आरशात दिसतोय. ‘त्यांनी पैसे खर्च केले नाहीत’ असं म्हणायची सोय राहिली नाही. पैसे किती आहेत हे सगळ्यांना माहीत, कारण ते याच माणसांच्या खिशातून आलेले. तक्रार करायला परका मालक असतो तेव्हा एक सुटका असते, ती इथे नाहीशी झाली. पुढच्या वर्षी ते वेम्ब्लीपर्यंत गेले आणि तिथे न्यूपोर्टकडून ०-२ हरले. मग वर्षानुवर्षं मधल्या जागांवर रेंगाळणं. ‘आपला क्लब’ हे शब्द बोलायला गोड आहेत. ते अक्षरशः खरे झाले, की किती जड होतात, ते या माणसांना विचारा. २०२० मध्ये दोन अभिनेते, रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी, क्लब घ्यायला पुढे आले, तेव्हा ट्रस्टच्या मतदात्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. काही जण याला पळवाट म्हणतात. मला तसं वाटत नाही. नऊ-दहा वर्षं ओझं वाहिलेल्या माणसाने ते खाली ठेवलं, तर त्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार घरी बसलेल्यांना नाही.

गुड फ्रायडेची दुपार

दुसरं उदाहरण याच क्लबचं, अकरा वर्षांनंतरचं. २०२२-२३ चा हंगाम. आता पैसा आहे, कॅमेरे आहेत, जगभर बघितली जाणारी मालिका आहे. रेक्सहॅम आणि नॉट्स काउंटी यांची अशी चुरस, की दोघंही शंभर गुण ओलांडणार. आणि थेट बढतीची जागा एकच!

७ एप्रिल २०२३, गुड फ्रायडे. रेक्सहॅम हॅलिफॅक्सला गेला. मैदानाचं नाव ‘द शे’. आणि तिथे १-३ हरला. ऑक्टोबरनंतरचा लीगमधला पहिला पराभव. त्याच दिवशी नॉट्स काउंटी जिंकली. दोघांचे १०० गुण झाले आणि गोलफरकावर काउंटी वर गेली. रेक्सहॅमचा एक सामना बाकी होता खरा, पण तीनच दिवसांनी, ईस्टर मंडेला, हे दोन संघ समोरासमोर येणार होते.

त्या परतीच्या प्रवासात काय बोलणं झालं असेल, त्याची कल्पना करा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, एवढं काय, एकच तर सामना हरलात. पण पंधरा वर्षं खाली काढलेल्या माणसाच्या डोक्यात २०१२ चे ९८ गुण आहेत. त्याला ठाऊक आहे, की मोठी बेरीजसुद्धा अपुरी पडते. नव्याने आलेला, मालिका पाहून चाहता झालेला माणूस त्या दिवशी नाराज झाला असेल. जुना माणूस घाबरला असणार. दोघांच्या तोंडी शब्द एकच, ‘वी’. मराठीत मी नव्याला ‘आम्ही’ देईन आणि जुन्याला ‘आपण’. तुम्हाला पटत नसेल तर भांडा माझ्याशी.

आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं? हॅलिफॅक्सचे चाहते. त्यांचा जुना क्लब, हॅलिफॅक्स टाउन, १९११ चा, कर्जात बुडून २००८ मध्ये बंदच पडला. त्यांनी एफसी हॅलिफॅक्स टाउन या नावाने नवा क्लब उभा केला आणि तीन पायऱ्या खालून पुन्हा सुरुवात केली. म्हणजे ज्यांनी ‘आपण’ हा शब्द अक्षरशः मातीतून उकरून काढला, अशा माणसांकडून रेक्सहॅम त्या दिवशी हरला.

सोमवारी रेक्सहॅमने नॉट्स काउंटीला ३-२ हरवलं. जादा वेळेत गोलरक्षक बेन फॉस्टरने पेनल्टी अडवली. हंगामाअखेर रेक्सहॅम १११, काउंटी १०७. ४६ सामन्यांत रेक्सहॅम हरला फक्त तीन, आणि तिन्ही परगावी. काउंटीचे १०७ गुणही प्ले-ऑफच्याच रांगेत गेले, तरी त्यांनी नंतर तो जिंकून वर जागा मिळवली. या गोड शेवटामुळे गुड फ्रायडेची दुपार आता सगळे विसरले आहेत. मी मुद्दाम तिच्याकडे परत गेले, कारण फॉस्टरची पेनल्टी अजून घडायची होती तेव्हा जी माणसं बसमध्ये बसली होती, त्यांना शेवट माहीत नव्हता.

एक छोटा मुद्दा राहिला. २००९ मध्ये प्रीमियर लीगमधला विगन टॉटनहॅमकडे जाऊन १-९ हरला, तेव्हा विगनच्या खेळाडूंनी परगावी आलेल्या चाहत्यांच्या तिकिटांचे पैसे परत दिले. चांगलंच केलं. पण विचार करा, नॉन-लीगच्या तळाशी हे होईल का? तिथे गोलरक्षकाला सामन्यामागे मिळणारे पैसे एवढे थोडे, की चाहतेच घ्यायला नकार देतील. शिवाय सोमवारी तोच गोलरक्षक यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी गळका नळ दुरुस्त करायला येणार. त्याला ‘ते’ कसं म्हणायचं?

स्वाध्याय

"वी वेअर रबिश टुडे." हे इंग्रजी वाक्य खाली सांगितलेल्या तीन प्रसंगांत मराठीत कसं लिहाल? फक्त सर्वनाम नको, पूर्ण वाक्य लिहा, आणि ते का निवडलंत ते दोन ओळींत सांगा.

पहिला प्रसंग: पराभूत संघाचा चाहता पेट्रोल पंपावर विजयी संघाच्या चाहत्याशी बोलतो आहे. दुसरा: तोच चाहता बसमध्ये आपल्या बारा वर्षांच्या नातीशी बोलतो आहे. नात आज पहिल्यांदाच परगावी आली आहे आणि तिला परत यायचं आहे की नाही, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

तिसरा प्रसंग माझ्या भाच्याने पाहिलेला आहे. सामना संपला होता, पाहुणा संघ चार गोलांनी हरला होता. कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक म्हाताऱ्या बाई मळलेले शर्ट गोळा करत उभ्या होत्या. त्या ते शर्ट घरी नेऊन धुतात, हे त्याला मागाहून कळलं. गोलरक्षक बाहेर आला, शर्ट त्यांच्या हातात दिला, आणि त्या हेच वाक्य त्याला म्हणाल्या. भाच्याने मराठीत सांगताना ‘आपण’ वापरलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ‘तुम्ही’ लिहिलं, चार जणांनी ‘आम्ही’, आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने सर्वनामच गाळून नुसतं लिहिलं, "आज काही खरं नव्हतं, बाळा." तुमचं उत्तर वहीत लिहून आणा, बुधवारी फळ्यावर घेऊ.